कलाशाळा आणि अजबखाना

गारगोटीचे नाव परगावच्या माणसापुढे काढले की त्याला पुष्कळदा सिन्नरचे खनिजसंग्रहालय आठवते, आणि "तेथे फार सुंदर दगड आहेत म्हणे" असे तो म्हणतो. आमची गारगोटी ती नव्हे. आमची गारगोटी कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुक्याचे ठाणे. वेदगंगेच्या खोऱ्यातील साधे बाजाराचे गाव. काचेच्या कपाटात मांडून दाखवावे असे येथे काही नाही, आणि प्रस्तुत लेखाचा विषय सुचला तो या उणिवेमुळेच.

काही वर्षांपूर्वी गावातील एका कुंभाराच्या मुलाला घेऊन आम्ही मुंबईस गेलो होतो. मुलगा एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा उतरलेला. शाळेतल्या गुरुजींचे म्हणणे, याला कलाशाळेत घालावा. बापाचे म्हणणे, चार-पाच वर्षे घालवून पोटाला काय मिळेल ते आधी सांगा. दोघांनीही आम्हांस मध्यस्थ नेमले, आणि मध्यस्थाने सोयीचा मार्ग काढला तो असा की, निर्णय करण्यापूर्वी मुलाने चार चांगल्या वस्तू डोळ्यांनी पाहाव्यात. म्हणून आम्ही त्यास भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालयात नेले. पूर्वीचे व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय ते हेच. १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. तेथे हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या आणि धंदेवाल्यांच्या लहान लहान मातीच्या मूर्ती मांडलेल्या आहेत. काम फार नाजूक आहे. मुलगा त्या कपाटांपुढे बराच वेळ उभा राहिला. आम्हांस वाटले, जातीचा कुंभार, मातीचे काम पाहून रमला असेल. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, यांच्यातल्या कुणाच्याच हाताला काही लागलेलं नाही."

हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. त्याच्या पाठीमागे जो प्रश्न उभा आहे तो शिक्षणाचा तर आहेच, पण त्याहून अधिक नीतीचा आहे. शिकणाऱ्यापुढे जी वस्तू ठेवावयाची, मग ती चित्र असो, मूर्ती असो की जिवंत मनुष्य असो, तिच्यावर शिकविणाऱ्याचा हक्क किती? आणि ती वस्तू ज्याची, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

कलाशाळा आणि संग्रहालय ही एकमेकांस जोडलेली असावीत, ही कल्पना आपल्याकडे आली ती विलायतेहून. परंतु तिच्या उगमाशी आपलेच कारागीर बसलेले आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १८५१ साली लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले त्यात हिंदुस्थानातील विणकर, सोनार, लाकूड कोरणारे यांचे काम पाहून तेथील जाणते लोक चकित झाले. यंत्रातून निघालेल्या आपल्या मालाशी ते ताडून पाहता आपली रुची कोठे येऊन ठेपली आहे हे त्यांस कळून चुकले. उपाय म्हणून प्रदर्शनातील निवडक वस्तू विकत घेण्यात आल्या, त्यांभोवती संग्रहालय उभे राहिले, आणि नक्षीकाम शिकविणारी शाळा त्याच्याशी जोडण्यात आली. हेन्री कोल यांच्या खटपटीने १८५७ साली साउथ केन्सिंग्टन येथे हा संसार थाटला गेला. चांगली वस्तू समोर ठेवावी, विद्यार्थ्याने ती गिरवावी, आणि त्याच्या हातून देशातील कारखान्यांचा माल सुधारावा, असा तो सरळ हिशेब होता.

त्याच १८५७ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाची कलाशाळा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाली. जमशेटजींनी तिच्यासाठी १८५३ सालीच एक लाख रुपये देऊ केले होते. देशी कारागिराच्या मुलाचा हात सुधारावा हा त्यांचा हेतू, आणि तो निर्मळ होता याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हेतू निर्मळ असला म्हणजे साधन योग्य असतेच असे नाही. ज्या कारागिरांच्या वस्तूंनी विलायतेला शहाणपण शिकविले, त्यांच्या मुलांपुढे या शाळेत काय ठेवले गेले? ग्रीक व रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती. पांढऱ्या, कोरड्या, मूळ संगमरवराची झाक नसलेल्या. मुलाने त्यांच्या छाया-प्रकाशाची घासाघीस महिनोन् महिने करावी, आणि सौंदर्य म्हणजे हे, असे मनात बांधून घ्यावे. त्या पुतळ्यांत सौंदर्य नव्हते असे आमचे म्हणणे नाही. बापाच्या हातातील छिन्नी आणि समोरचा पुतळा यांचे नाते काय, हे त्या मुलास कोणी सांगितले नाही, एवढेच आमचे म्हणणे.

पुढे १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे येथे शिक्षक म्हणून आले. किपलिंग यांना देशी कारागिरीची खरी चाड होती. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दारावरील उठावाची शिल्पे त्यांचीच. १८७५ साली ते लाहोरला गेले, आणि तेथे मात्र कलाशाळा व संग्रहालय यांचा जोड पुरता जमला. शाळेचे मुख्य तेच आणि संग्रहालयाचे रक्षकही तेच. त्यांच्या मुलाने, रडयार्ड किपलिंगने, 'किम' या कादंबरीच्या आरंभी ज्या अजायबघराचे वर्णन केले आहे ते हेच लाहोरचे. ती शाळा आज नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स या नावाने चालते, आणि संग्रहालय अजून तिच्या शेजारीच आहे.

मुंबईत इमारती दोन ठिकाणी राहिल्या. शाळा कोटाच्या बाजूस, अजबखाना भायखळ्यास. तरीही शाळेने आपला मोठा अजबखाना शोधला तो तिसऱ्याच ठिकाणी, अजिंठ्याच्या डोंगरात. या हकीगतीपाशी थोडे थांबणे अवश्य आहे.

१८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स हे आपले निवडक विद्यार्थी घेऊन हिवाळ्यामागून हिवाळा अजिंठ्यास जात असत. लेण्यांत उजेड कमी, मुक्काम रानात, भिंतींवर शतकांची धूळ आणि काजळी. त्या अवस्थेत पेस्तनजी बोमनजी आणि त्यांचे सोबती यांनी तेथील चित्रांच्या सुमारे तीनशे प्रती तयार केल्या. मुंबईच्या कलाशाळेतील देशी मुलगा देशी चित्रापुढे प्रथम बसला तो येथे. प्लॅस्टरच्या पुतळ्याने जे दिले नव्हते ते त्या भिंतींनी त्यास दिले असले पाहिजे. रेषा कशी वळते, काळ्यासावळ्या अंगाला तेज कसे चढते, दहा माणसांची गर्दी एका भिंतीवर नांदते कशी, हे त्याने हाताने जाणून घेतले. शिक्षण म्हणून पाहिले तर याहून उत्तम शिक्षण आम्हांस कल्पिता येत नाही.

परंतु चित्रे अंधुक झाली होती, आणि प्रत करावयाची तर रंग उठून दिसले पाहिजेत. म्हणून मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले. ग्रिफिथ्स यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनीही तेच केले होते. रोगणाने रंग काही काळ खुलले, नक्कल करणाऱ्यांचे काम झाले, ते निघून गेले. रोगण मात्र तेथेच राहिले. पुढे ते काळवंडले, आणि ज्या रंगांना उजळण्यासाठी ते लावले होते त्यांनाच त्याने झाकून टाकले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चेकोनी व ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून साफसफाई करविली. त्यांनी पापुद्रे चिकटवून पुष्कळ भाग वाचविला, पण त्यासाठी त्यांनीही लाखेचा थर वापरला, आणि तोही पुढे पिवळा पडला. तो काढण्याचे कष्ट पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांस मागाहून घ्यावे लागले.

आणि ज्या प्रतींसाठी हे सारे झाले, त्यांचे काय झाले? गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या मंडळींनी केलेल्या प्रतीही बहुतांश साउथ केन्सिंग्टनला रवाना झाल्या, आणि १८८५ साली तेथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्यांवरून आणि इतर साहित्यावरून ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये अजिंठ्यावरील आपला दोन खंडांचा ग्रंथ काढला. म्हणजे मूळ चित्र डोंगरात रोगणाखाली, प्रत समुद्रापलीकडे, आणि जो मुलगा तेरा वर्षांपैकी कित्येक हिवाळे त्या अंधारात बसला त्याच्या शाळेत समोर ठेवावयास पुन्हा प्लॅस्टरचा पुतळा. दैवाने केलेला हा विनोद फार कडवट आहे.

यावर कोणी म्हणेल, ग्रिफिथ्स गेले नसते तर अजिंठा इतक्या लवकर जगाला कळला असता काय? आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो पुरता मान्य करतो. त्या वेळी भिंतीवर असलेले, मागाहून झडून गेलेले काही भाग आज आपणांस केवळ त्या प्रतींवरून माहीत आहेत. रोगणाने काय होते हे त्या काळी कोणास नीट कळत नव्हते, हेही खरे. अज्ञानाने घडलेल्या हानीला पाप म्हणावे असे आम्हांस वाटत नाही. स्वतः ग्रिफिथ्स यांनी या कामी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घातली. त्या मनुष्याबद्दल आम्हांस आदरच आहे.

आमचा आक्षेप रोगणाला नाही. रोगण लावताना मनात जो हिशेब होता त्याला आहे. तो हिशेब असा की, भिंत ही सामग्री आहे. आज तिचा उपयोग आहे, आणि उपयोग होण्यासाठी तिला जे करावे लागेल ते करावे. हाच हिशेब पुढे विद्यार्थ्यांसही लागू झाला. त्यांचे हातही सामग्रीच. त्यांनी काढलेले चित्र त्यांचे नव्हे, त्यांच्या शाळेचेही नव्हे. एकदा समोरची वस्तू केवळ साधन ठरली की शिकणारा मनुष्यही हळूहळू साधन ठरतो. शिकण्यासाठी पुढे ठेवलेली वस्तू ही उसनी आणलेली असते, असे आमचे मत आहे. ज्याने ती केली त्याच्याकडून उसनी, आणि आपल्यामागून जे पाहावयास येणार त्यांच्याकडूनही उसनी. सावकार समोर नसला म्हणून ऋण फिटत नाही.

भायखळ्याच्या मूर्तींकडे परत येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी सेसिल बर्न्स हे जे. जे. कलाशाळेचे मुख्य होते आणि त्याच वेळी भायखळ्याच्या अजबखान्याचे रक्षकही होते. इमारती दोन असल्या तरी या काळात दोन्ही संस्था एका हाताखाली आल्या होत्या. (त्यांच्यामागून आलेले ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडेही कलाशाळेबरोबर प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाचा कलाविभाग होता, मुंबईत हा जोड अशा रीतीने इमारतींपेक्षा माणसांतूनच टिकला.) अजबखान्यात देशातील लोकजीवन दाखवावे असे ठरले, आणि ते काम कलाशाळेतील शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातून करून घेण्यात आले. कल्पना कागदावर किती सुंदर दिसते पाहा: शाळा वस्तू घडविते, संग्रहालय ती मांडते, लोक येऊन पाहतात.

आणि लोक येतातही. मुंबईत कामास आलेली साधी माणसे राणीच्या बागेत जनावरे पाहून झाली की याच इमारतीत शिरत आली आहेत. आत त्यांस काय दिसते? स्वतःचाच बाप, चार बोटे उंचीचा, अंगावर स्वच्छ धोतर, हातात अवजार, पुढे जातीची चिठ्ठी. तो कशासाठी तेथे उभा आहे? तो असा असतो, हे दाखविण्यासाठी. ज्या विद्यार्थ्याने तो घडविला त्याने कदाचित अशाच माणसास समोर बसवून त्याचे माप घेतले असेल. ते माप चुकलेले नाही. पागोट्याची घडीसुद्धा बिनचूक आहे. चुकले ते एवढेच की, त्या माणसाकडून शिकण्यासारखे काही असेल हे त्या कपाटात कोठेच दिसत नाही. तो नमुना झाला, गुरू झाला नाही. आमच्याबरोबरच्या मुलाने जे पाहिले ते हेच. चाकावर बसलेल्या माणसाचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले असतात, रंगाऱ्याची नखे निळी असतात, लोहाराच्या तळहाताला घट्टे असतात. त्या मूर्तींचे हात धुतलेले होते.

अजबखान्यात वस्तू पूर्ण झालेली असते, आणि पूर्ण झालेल्या वस्तूवरून ती कशी झाली हे कळणे फार कठीण. शाळा तिच्याशेजारी असावी ती याचसाठी की, तिने त्या वस्तूला तिचे हात परत मिळवून द्यावेत. मुंबईत पुष्कळदा उलटे झाले. शाळेनेच हात पुसून दिले.

याचा अर्थ संग्रहालये नकोत, शाळा नकोत, असा कोणी करील तर त्याने कोल्हापूरकडे पाहावे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे जे. जे. मध्ये शिकले, तेथे त्यांनी नाव मिळविले, आणि कोल्हापुरास परत येऊन शाहू महाराजांच्या पदरी राहिले. धुरंधरही कोल्हापुरातच १८६७ साली जन्मले, पण ते मुंबईस राहिले, कलाशाळेत वरच्या पदापर्यंत चढले, आणि 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे आपले आत्मवृत्त १९४० साली प्रसिद्ध करून गेले. आबालाल मात्र कोटितीर्थाच्या काठी, रंकाळ्याच्या बांधावर, पंचगंगेच्या घाटावर एकटे बसून पाणी आणि आभाळ रंगवीत राहिले. १९३१ साली ते गेले तेव्हा त्यांची चित्रे सांभाळणारी जागा त्या शहरात नव्हती. कोल्हापूरचे संग्रहालय स्थापन झाले ते १९४६ साली, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंच्या निमित्ताने. आज टाऊन हॉलमधील त्या संग्रहालयात ब्रह्मपुरीस सापडलेल्या, समुद्रापलीकडून आलेल्या रोमन समुद्रदेवतेच्या ब्राँझमूर्तीची माहिती मिळते आणि आबालालांची काही चित्रेही पाहावयास मिळतात. परंतु त्यांच्या उभ्या आयुष्याच्या कामाच्या मानाने जे उरले ते फार थोडे. पंधरा-वीस वर्षांचा हा उशीर कोणी भरून देणार नाही.

शाळेचे म्हणावे तर आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातील बंधू कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत ते मोठे झाले. १९१६ साली आनंदराव अकाली वारले. बाबूरावांनी पुढे चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्यांच्या कारखान्यात जो पोरगा झाडलोट करावयास लागे, त्याला पूर्ण झालेले चित्र क्वचितच दिसे. दिसे ते अर्धवट चित्र, चुकलेला पडदा, धन्याचे रंगाने माखलेले हात आणि धन्याचा राग. कोल्हापुरात चित्रकारांची जी परंपरा झाली ती पुष्कळशी या कारखान्यातून झाली. म्हणून आम्ही कारखान्याचे गोडवे गाऊ असे मात्र नव्हे. अशा ठिकाणी मुलगा धन्याच्या मर्जीवर असतो. मर्जी असेल तर विद्या, नसेल तर नुसते झाडणे. शाळेचा नियम आणि संग्रहालयाचे उघडे दार यांची किंमत ज्याला ती कधी मिळाली नाहीत त्याला विचारावी.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपल्या लहानशा संस्थानात संग्रहालयाची इमारत उभी केली. ते स्वतः चित्रकार होते. रवि वर्म्यापासून कोल्हापूरच्या चित्रकारांपर्यंत अनेकांचे काम त्यांनी टेकडीवर नेऊन ठेवले. खेड्यातील माणसाने चित्र पाहण्यासाठी मुंबई का गाठावी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अजून शिळा झालेला नाही. कोल्हापुरात चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर व आपली चित्रे सरकारला देऊन टाकली, तेही याच जातीचे काम. आमच्या गारगोटीत जे. पी. नाईक यांनी १९५२ साली मौनी विद्यापीठ काढले, तेव्हा खेड्यातील मुलाने शिकण्यासाठी खेडे सोडू नये ही त्यांची धारणा होती. शेती आणि अध्यापन यांच्या बाबतीत ती धारणा आमच्या डोळ्यांदेखत पुष्कळ फळाला आली. चित्रकलेचा मुलगा मात्र अजून एस.टी.त बसतोच.

आमचा कुंभाराचा मुलगाही बसला. बापाचा प्रश्न आम्ही सोडविला नाही; पोटाला काय मिळेल हे आम्हांस आजही सांगता येत नाही, आणि ठाऊक नसताना हो म्हणण्याचे पातक आम्ही केले नाही. मुंबईचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तो कोल्हापुरातील एका कलाशाळेत दाखल झाला. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला तो आजीच्या स्वयंपाकघरातील जुना डेरा मागत. आजोबांनी घडविलेला तो डेरा. शाळेत वस्तुचित्रणाच्या वर्गात कारखान्यातून आणलेल्या बरण्या ठेवतात, त्यांऐवजी हा ठेवावयाचा आणि तो कसा थापून वाढविला आहे हे मुलांना समजावून द्यावयाचे, असे त्याच्या मनात होते. गुरुजनांची परवानगी त्याने आधीच मिळविली होती.

म्हातारीने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. आम्ही ओसरीवर बसलो होतो. शेवटी ती म्हणाली, "न्यायचा तर ने. पर उन्हाळ्याच्या आत परत आण. पानी कशात ठिवू?"

डेरा गोणपाटात गुंडाळून एस.टी.तून कोल्हापुरास गेला आणि चैत्र लागण्यापूर्वी तसाच परत आला. त्याच्या काठाला निळ्या शाईचा एक डाग पडला होता. म्हातारीने तो राखेने घासला. पुरता गेला नाही. त्याच संध्याकाळी तिने त्यात पाणी भरले.